भुशाची चिठ्ठी आणि हसणारा येशू

आधी नाकाला जरा सवय होऊ द्या. एरंडेलाच्या दिव्याचा उग्र वास, नुकत्याच कमावलेल्या कातड्याचा दर्प आणि झरोक्यातून येणारा नाईलच्या गाळाचा ओला वास, सगळं एकदम अंगावर येतं. तुम्ही दक्षिण इजिप्तमध्ये आहात, जबल अल्-तारीफच्या उघड्याबोडक्या कड्याजवळ, नदीकाठच्या एका गावात. येशूला जाऊन तीनशे वर्षं उलटली आहेत, एवढं तूर्त पुरे.

बाहेर ऊन असं की धूळसुद्धा चटका देते. गाढवं ओरडताहेत, खजूर विकणारी बाई गाढवांपेक्षा मोठ्यानं ओरडते आहे. थोड्याच अंतरावर पाखोमियस नावाच्या ख्रिस्ती संन्याशानं स्थापलेले मठ आहेत. तिथले संन्यासी चटया विणता विणता शास्त्रवचनं पुटपुटतात. त्यांची भाकर एकदाच भाजून वाळवून ठेवलेली असते, खायच्या आधी पाण्यात भिजवावी लागते. एक तुकडा मिळाला तर घ्या, पण कोरडा चावू नका. दात जाईल.

आता सावलीत या. हा मांडी घालून बसलेला माणूस नकलनवीस आहे. त्याच्या हातात बोरू आहे, शेजारी काजळी आणि डिंक घोटून केलेली शाई. पपायरसला बोट लावून बघा. एका बाजूनं धागे आडवे, दुसऱ्या बाजूनं उभे. आडव्या बाजूवर बोरू सरसर पळतो, उभ्या बाजूवर अडखळतो, आणि मग लिहिणारा ओठ घट्ट मिटतो. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. येशूचं नाव आलं की ते आखडतं लिहून वर आडवी रेघ ओढायची. ती रेघ ओढताना त्याचा हात मंदावतो, ते नीट पाहा. पुढे हा जे लिहिणार आहे ते ऐकून तुम्ही दचकाल. तेव्हा हा मंदावलेला हात आठवा.

कोपऱ्यात दुसरा माणूस चामड्याची बांधणी करतोय. पुठ्ठा म्हणून तो रद्दी पपायरस एकावर एक चिकटवतोय. एका बाईनं दोन संन्याशांना धाडलेली चिठ्ठी त्यात आहे. माझ्या गाढवांना भुसा कमी पडतोय, तुमच्याकडे कुठे मिळतो का बघा, असं तिचं म्हणणं. खळ लागली आणि भुशाची विनवणी कायमची पुठ्ठ्यात गेली. मला ही चिठ्ठी फार प्रिय आहे. बायबलचे वेगळेच अर्थ लावणारे म्हणजे गूढ, अंधाऱ्या गुहेतली माणसं असावीत असं आपण धरून चालतो. त्यांच्या पुस्तकाच्या अंगात मात्र गाढवांचा चारा आहे.

संध्याकाळ झाली. माणसं जमली, खोली घामानं कोंदली. कुणाच्या तोंडाला कांद्याचा वास, कुणाच्या मांडीवर पेंगणारं पोर. वाचायचं ते मोठ्यानंच. मूळ मजकूर ग्रीक होता, पण आज तो कॉप्टिकमध्ये, म्हणजे इथल्या घरातल्या भाषेत कानावर पडतोय. येशूचा शिष्य पेत्र, त्याला दर्शन होतं. खिळे कुणाच्या तरी हातापायांत ठोकले जाताहेत, आणि क्रूसापाशी कुणीतरी आनंदानं हसतंय. पेत्र गोंधळून विचारतो, हे दोघं कोण? उत्तर मिळतं, की हसणारा तोच जिवंत येशू आणि खिळले जातंय ते केवळ देहाचं रूप.

खोलीतला श्वास क्षणभर थांबतो. तुमचाही.

मग दुसरी पोथी निघते. एदेन बागेची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण इथे ती उलट्या बाजूनं सांगतात. हा कसला देव, ज्यानं आदामाला ज्ञानाचं फळ खाऊ दिलं नाही? आदामा, तू कुठे आहेस, असं त्याला विचारावं का लागलं? त्याला ठाऊक नव्हतं? तिसऱ्या एका पोथीत तर सर्पाच्या तोंडून शहाणपण शिकवणारं कुणी बोलतं, आणि हव्वा आदामाला जागं करते. जगावर राज्य करणारा जो आंधळा गर्वानं म्हणतो, माझ्याशिवाय देव नाही, त्याला वरून आवाज येतो, की तू चुकतोस.

याला पाखंड म्हणणारे बिशप होते आणि त्यांचंच चाललं. पण मला विचाराल तर ग्रंथाची एकेक ओळ मनात घोळवल्याशिवाय असले प्रश्न सुचतच नाहीत. ज्याला उत्पत्तीची गोष्ट नुसती पाठ आहे तो देवाच्या त्या प्रश्नाशी थबकत नाही. ही माणसं थबकली, रात्र रात्र थबकली.

असे 13 ग्रंथ पुढे एका रांजणात शिरले. 1945 साली खताची माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते नाग हम्मादीजवळ सापडले. आज ते कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत. बांधणीतल्या पुठ्ठ्यातल्या एका दस्तऐवजावर आपल्या हिशेबानं 348 साल निघतं, म्हणून तुम्ही कुठल्या काळात बसला आहात ते आता कळलं.

पण सध्या इथे कुणाला त्याची फिकीर नाही. खोलीत एकच कल्ला उठलाय. मागून एक बाई उभी राहते, कडेवरचं पोर सावरत. येशूला दुखलंच नाही म्हणता? मग माझं पहिलं लेकरू तापानं तडफडत गेलं, तेव्हा मी कुणाला हाक मारली? एक म्हातारा तिला समजावतो, देह जातो, आतला हसरा उरतो, माय. तिला ते पटत नाही. दोन तरुण म्हाताऱ्याच्या बाजूनं, तिघी बायका तिच्या बाजूनं. कुणीतरी तुमच्या खांद्याला धरून पुढे ओढतं.

पाहुणे, तुम्ही लांबून आलात. तुमच्या गावी हे कसं सांगतात?