प्रणयकथा आणि तिची अडचण

इंग्रजींत जिला नॉव्हेल म्हणतात तिला गुजरातेंत नवलकथा असें नांव पडलें. आम्हां मराठी लोकांनीं मात्र सातव्या शतकांतील बाणभट्टाच्या नायिकेचेंच नांव उचलून त्या सबंध वाङ्मयप्रकारास देऊन टाकलें. ज्या भाषेनें कादंबरीस एका प्रणयिनीचें नांव दिलें, तिच्यांतच प्रणयकथा लिहिणें इतकें अवघड कां झालें, हें पाहण्यासारखें आहे.

मध्ययुगांत ही अडचण नव्हती, कारण नायिका पुराणांतल्या होत्या. महानुभाव कवि नरेंद्र यानें १२९२ च्या सुमारास ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलें. तें आपल्या नांवावर व्हावें म्हणून रामदेवराव यादवानें ओवीगणिक सोन्याचें नाणें देऊं केलें व कवीनें तें नाकारलें, अशी त्या पंथांत आख्यायिका आहे. पुढें १५७१ मध्यें एकनाथांनीं काशीस त्याच विषयावर ग्रंथ लिहून त्यांत जीवशिवाच्या ऐक्याचा अर्थ गोविला. चांगला वर मिळावा म्हणून उपवर मुलींनीं या ग्रंथाचें पारायण करावें, असा प्रघात पडला. यांतील गंमत आमच्या वाडवडिलांच्या ध्यानांत आली नसावी. भावानें ठरविलेला वर झुगारून, ब्राह्मणाच्या हातीं पत्र धाडून, आवडत्या पुरुषाच्या रथांत बसून निघून गेलेल्या मुलीची ही कथा. आणि ती वाचावयाची कोणीं, तर वडील दाखवितील त्याच्या गळ्यांत माळ घालणाऱ्या मुलींनीं!

छापखाने आल्यावर बाबा पदमनजींनीं १८५७ मध्यें ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचें दुःख मांडलें खरें, परंतु पुढील लेखकांनीं वाट धरली ती हळबेशास्त्र्यांच्या ‘मुक्तामाले’ची (१८६१). नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) त्याच वळणाची. या अद्भुताचा टीकाकारांनीं यथेच्छ उपहास केला आहे. पण आमच्या लग्नाच्या चालीमुळें व इतर कांहीं कारणांनीं हिंदूंच्या आयुष्यांत मनोवेधक असे ना गुण सांपडतात ना दुर्गुण, मग लेखकानें करावें काय, अशा आशयाची कैफियत खुद्द रिसबुडांनींच प्रस्तावनेंत दिली आहे. आमच्या मतें त्या काळांतील ही सर्वांत प्रामाणिक टीका होय. जेथें मुलीचें लग्न बाहुल्या खेळण्याच्या वयांत उरकतें, तेथें अनुरागाला जागा कोठली? संमतिवयाची मर्यादा १८९१ मध्यें १० वरून १२ वर नेतांना पुण्यांत केवढें वादळ उठलें! हरि नारायण आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो’ मध्यें याच आयुष्यांत शिरून दाखविलें. तेथें त्यांना प्रणयापेक्षां सासुरवास व वैधव्यच अधिक सांपडलें.

प्रो. ना. सी. फडके यांचा ‘जादूगार’ १९२८ चा व ‘दौलत’ १९२९ ची. मुलींच्या विवाहाचें वय १४ ठरविणारा शारदा कायदाहि १९२९ चाच. कायद्यानें कादंबरी घडत नाहीं. पण मुली कॉलेजांत जाऊं लागल्या, लग्नें लांबलीं, आणि भेटीगाठींना अवधि मिळाला. फडक्यांनीं तो अवधि फार सुखाचा रंगविला. शिकलेल्या, मिळवत्या, घरच्यांच्या संसारासाठीं अविवाहित राहिलेल्या मुलींना तो तसा नव्हता, हें विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’नें १९३३ मध्यें उघड केलें.

मग प्रणयकथा दिवाळी अंकांत व भाड्याच्या वाचनालयांत स्थिरावली. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामे’वर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयानें दोषी ठरविलेल्या लेखकास सर्वोच्च न्यायालयानें १९६९ मध्यें मुक्त केलें. त्याच वर्षीं त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला.

वयाची अडचण अशी सरली, जातीची राहिली. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) तिच्यावरच उभा आहे. रुक्मिणीचा भाऊ सैन्य घेऊन धांवला, तेव्हां त्याचे केस भादरून कृष्णानें त्याला सोडून दिलें. आर्चीचा भाऊ आईनें दिलेली भेट घेऊन दारीं येतो, आणि ती त्याच्यासाठीं चहा ठेवते.