रवीकीर्तीची उलटतपासणी

डी. सी. पावटे 1954 ते 1967 कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू होते, केंब्रिजचे रँग्लर. आपल्याकडे रँग्लर म्हटलं की 1899 चे परांजपे आठवतात. पण या शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा, चक्क भांडणारा! केंब्रिजात पूर्वी विद्यार्थ्याने एक विधान मांडायचं आणि प्रतिपक्षाचे आक्षेप लॅटिनमध्ये खोडून काढायचे. पुढे लेखी परीक्षा आली, वाद गेला, किताब तेवढा राहिला.

त्याच विद्यापीठाच्या धारवाडातल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. चालुक्य आले की ऐहोळेचा शिलालेख येतोच. मेगुती टेकडीवरचं जिनालय, कवी रवीकीर्ती, शके 556 म्हणजे इ.स. 634-35. ‘लेख कधीचा?’ विचारलं की वर्ग एका सुरात सांगतो. मग मी विचारते, ‘रवीकीर्तीला पुलकेशीचा आश्रय. आपल्या धन्याने हर्षाला हरवलं असं तो लिहितो. ते आपण का मानायचं?’

वर्ग चिडीचूप. इथेच आपण घाई करतो. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी शाळांचे तास ध्वनिमुद्रित करून पाहिले, तर शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत, त्यांत कारणं येत, गप्प मुलंही बोलत. तीन सेकंद काही फार नाहीत. पण साठ पोरांसमोर उभं राहून मोजून बघा!

एकदा मागच्या बाकावरून कानडीत प्रश्न आला, ‘मॅडम, हर्षाच्या बाजूच्या कुणी लिहिलंय का?’ मग ह्युएनत्संग काढला. हर्षाने त्याचा एवढा मान राखला, तरी महाराष्ट्राचा राजा हर्षाला नमला नाही, असं तो लिहून गेला. लगेच एक मुलगी म्हणाली, ‘पण तोही लढाईनंतरच आला ना? त्याचंही ऐकीवच.’ खरंच की!

रवीकीर्ती जैन, मीही जैन. म्हणून त्याला सूट द्यावी, असं मला वाटत नाही. समंतभद्रांची आप्तमीमांसा सुरूच होते ती थेट तीर्थंकरांना प्रश्न करून: देव येतात, चवऱ्या ढळतात, हे तर मायावी लोकांतही दिसतं, तेवढ्यावरून तुम्हांला थोर का मानू? तिथे राजाच्या भाटाची काय कथा?

विद्यापीठाचा पेपर अजून ‘टीप लिहा’ म्हणतो, आणि मुलांना मार्क तिथेच मिळवायचे असतात. अंतर्गत चाचणी मात्र माझ्या हातात. यंदा तिच्यात एवढंच विचारलंय: ‘हर्षाच्या पदरचा कवी हीच लढाई कशी सांगेल? तुम्ही कुणाचं किती धराल आणि का?’