माळ आणि चंची

आमचे थोरले मामा माळकरी. वर्षाची वारी चुकली नाही. मासळीचा वास आला तरी उपरणे नाकाशी धरीत. अशा माणसाला तोंडाचा कर्करोग झाला, तेव्हा आईने देवालाच जाब विचारला, "दादानं जन्मात अभक्ष्य शिवलं नाही, मग हे का?" त्यांच्या कमरेच्या चंचीकडे आमच्यापैकी कुणाचेच लक्ष गेले नाही.

पुढे एका ख्रिस्ती पंथाचा इतिहास वाचताना मला हे कोडे पुन्हा भेटले. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा पंथ १८६३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्थापन झाला. त्याच वर्षी जूनमध्ये एलेन व्हाइट या त्यांच्या साध्वीला आरोग्याचा दृष्टांत झाला. दारू-तंबाखू वर्ज्य, आणि आहार शक्यतो शाकाहारी. गंमत अशी की, खुद्द बाईंचे मांस पुरते सुटायला १८९४ साल उजाडले! जिभेला दृष्टांत उशिराच ऐकू येतो. मुलांच्या आवडीचे कॉर्नफ्लेक्सही याच पंथाच्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामातले.

१९५८ साली कॅलिफोर्नियातील सुमारे तेवीस हजार अ‍ॅडव्हेंटिस्टांची पाहणी सुरू झाली. त्यांच्यात कर्करोगाने मरणारे कमी निघाले. पण हे श्रेय भाजीचे की तंबाखू न ओढण्याचे? लोमा लिंडा येथील संशोधकांनी मग पंथातल्या पंथातच तुलना केली. विडी-सिगारेट जवळजवळ कुणीच ओढीत नाही, मांस मात्र निम्मे लोक खातात. अशी आयती प्रयोगशाळा दुसरीकडे कुठे मिळणार? १९७४ पासूनच्या पाहणीत मांसाहाऱ्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका ८८ टक्क्यांनी अधिक दिसला. २००२ साली सुरू झालेल्या पाहणीत तर शहाण्णव हजार माणसे. तिचे २०१५ चे निष्कर्ष सांगतात की, शाकाहाऱ्यांत आतड्याचा कर्करोग २२ टक्क्यांनी कमी. आणि मांस सोडून केवळ मासे खाणाऱ्यांत ४३ टक्क्यांनी! (कोकणातल्या वाचकांनी हे वाक्य घरात मोठ्याने वाचायला हरकत नाही.) स्तनाच्या कर्करोगात मात्र शाकाहाराने ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे ताटातले पथ्य आतड्यापुरते बरेच खरे. तोंडाचा हिशेब निराळा, आणि तो चंचीत होता.

आई हे ऐकायला राहिली नाही. माळ मामांबरोबर गेली. चंची मात्र मामींनी आठवण म्हणून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली. चुन्याच्या डबीसकट ती अजून तिथेच आहे.