उष्णतेचें माप आणि एक गाळलेलें अनुमान

आहारशास्त्राच्या कृपेनें कॅलरी हा शब्द आज घरोघर पोहोंचला आहे. परंतु ज्या कल्पनेच्या पोटीं तो जन्मास आला ती मृत होऊन दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें. उष्णता हें एक अदृश्य, वजनरहित द्रव्य असून तें उष्ण पदार्थांतून थंड पदार्थांत वाहतें, असें अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक विद्वान् मानीत. त्या द्रव्यास कॅलॉरिक म्हणत. १७८३ च्या सुमारास लव्हाझिए व लाप्लास यांनीं बर्फानें वेढलेल्या पात्रांत तप्त पदार्थ ठेवून, वितळून निघालेलें पाणी तोलून पाहिलें. पुढें १८२४ च्या सुमारास निकोलस क्लेमां यानें एक किलोग्रॅम पाणी एक अंशानें तापविणाऱ्या उष्णतेस कॅलरी हें नांव दिलें. नंतर इतरांनीं किलोग्रॅमच्या जागीं ग्रॅम घेतला, आणि एकाच नांवाचीं, हजारपट अंतराचीं दोन मापें रूढ झालीं. कॅलरी मोठी कीं धाकटी, हा प्रश्न विद्यार्थ्यांप्रमाणें आम्हां शिक्षकांसही छळीत आला आहे.

या द्रव्याचा खरा निकाल लागला तो जेम्स जूल याच्या प्रयोगांनीं. हा सॅलफर्ड येथील बिअरच्या कारखानदाराचा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याजपाशीं नव्हती. वजनें खालीं सोडून त्यांच्या ओढीनें पाण्यांतील पात्यांचें चक्र फिरवावयाचें आणि घर्षणानें पाणी किती तापलें तें पाहावयाचें, असा त्याचा प्रयोग. वीस वेळां वजनें सोडावीं तेव्हां पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट तापे! १८४७ सालीं ऑक्सफर्डच्या सभेंत अध्यक्षानें त्यास थोडक्यांत आटोपण्यास सांगितलें. तरुण विल्यम टॉमसन उठला नसता तर विषय तेथेंच संपला असता, असें जूलनेंच पुढें लिहिलें.

१८५० मध्यें रॉयल सोसायटीनें त्याचा निबंध छापला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापविणारी उष्णता म्हणजे ७७२ पौंड वजन एक फूट उतरण्याचें कार्य, हा आंकडा त्यांत आहे. मात्र घर्षण म्हणजे यांत्रिक शक्तीचें उष्णतेंत रूपांतर होय, हें त्याचें तिसरें अनुमान परीक्षकांच्या इच्छेवरून गाळावें लागलें. आंकडा चालला, अर्थ चालला नाहीं. परीक्षकांस आम्ही सर्वस्वीं दोष देणार नाहीं. अनुमानाविषयीं अशी सावधगिरी शास्त्रांत पुष्कळदां हितकर ठरते. परंतु येथें जें गाळलें तेंच मुख्य होतें.

पाणी तापविण्यास लागणारी उष्णता त्याच्या तापमानाप्रमाणें किंचित् बदलते. म्हणून कॅलरी कोणत्या अंशावरची, हेंही सांगावें लागे. अखेर १९४८ मध्यें वजनमापांच्या नवव्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें उष्णतेस कार्याचेंच माप लाविलें, व त्या मापाचें नांव जूल. बिस्किटांच्या पुड्यावर मात्र अजून कॅलरीच छापतात, आणि तीही मोठी.