झाडीपट्टीची संगीतप्रधान रंगभूमी आणि स्वयंसेवी ग्राममंडळे : धानोरा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठी संगीत नाटकाचा इतिहास बहुधा सांगली, पुणे आणि मुंबई या केंद्रांभोवती लिहिला गेला आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाला निश्चित रूप दिले. १९०१ मध्ये पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षणाला विद्यालयीन शिस्त लावली. राजाश्रय, व्यावसायिक नाटक मंडळी आणि संगीत विद्यालय हे या परंपरेचे तीन आधार होत. या आधारांपासून दूर असलेल्या पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत मात्र गायन-वादनयुक्त नाटक आजही रात्रभर चालते. ते कोणाच्या बळावर टिकले आणि त्यासाठी लागणारे संगीताचे शिक्षण कोठे मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रदेश व पार्श्वभूमी :

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा वनाच्छादित, धानपिकाचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. या जिल्ह्यातील धानोरा हा गोंडबहुल तालुका गडचिरोलीहून पूर्वेस छत्तीसगडकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. मराठीची झाडीबोली आणि गोंडी यांचा येथे नित्य संपर्क येतो. त्यामुळे नाट्य व संगीत यांच्या दोन भिन्न परंपरा या परिसरात शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

संगीतशिक्षणाची लोकपीठे :

गोंड समाजातील गोटुल ही या परिसरातील सर्वांत जुनी शिक्षणव्यवस्था म्हणता येईल. शेजारच्या बस्तरमधील मुरिया गोंडांच्या गोटुलाचा सविस्तर अभ्यास वेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. तरुण मुलामुलींनी ज्येष्ठांच्या सहवासात गीते, नृत्य आणि ढोलाचे ठेके आत्मसात करावेत, ही गोटुलाची रीत. येथे वेतन घेणारा गुरू नसतो आणि परीक्षाही नसते. धानोऱ्याजवळील मेंढा (लेखा) हे गाव २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्कामुळे देशभर परिचित झाले. याच गावाने त्यापूर्वी गोटुलाच्या पुनरुज्जीवनाचा आग्रह धरला होता. गावाने उभारलेला सागवानी गोटुल वनखात्याने पाडला. परिसरातील गावे पाठीशी उभी राहिली आणि गोटुल पुन्हा उभा झाला. गीत-नृत्याच्या जागेसाठी गावाने एकत्र येणे आणि स्वशासनासाठी एकत्र येणे या दोन गोष्टी येथे परस्परांपासून वेगळ्या नव्हत्या.

दुसरे लोकपीठ भजन मंडळांचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यांच्या खंजिरी भजनांचा प्रभाव चिमूर परिसरावर विशेष होता. १९४२ च्या चिमूर येथील उठावाशी त्यांचे नाव जोडले गेले व त्यांना तुरुंगवासही घडला. गुरुदेव सेवा मंडळाच्या माध्यमातून गावोगावी सामुदायिक प्रार्थना व भजने सुरू झाली. सुरात गाणे आणि तालात वाजविणे ही कौशल्ये त्यामुळे शेतकरी-शेतमजुरांच्या आवाक्यात आली.

नाट्य मंडळांचे कार्य :

झाडीपट्टीच्या रंगभूमीची मुळे दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांत आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबरच या कलांचेही संशोधन केले. दंडारीतील समूहगायन आणि स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट यांतूनच पुढे गावोगावच्या नाट्य मंडळांना कलावंत मिळाले.

धानाची कापणी आटोपली की हातात थोडा पैसा आणि थोडी उसंत येते. दिवाळीनंतर मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने पाहुणे गावात येतात आणि रात्री नाटक होते. गावातील तरुणांचे मंडळ वर्गणी जमविते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि बंदोबस्तही पाहते. शिल्लक रकमेचा विनियोग गावाच्या सार्वजनिक कामासाठी करण्याची प्रथा आहे. पूर्वी नाटकही गावचेच असे. पावसाळ्यानंतर तालमी सुरू होत, पेटीमास्तर पदे बसवून घेत आणि निरक्षर नटही ऐकून ऐकून संपूर्ण भूमिका मुखोद्गत करीत. तालीम हीच येथील संगीतशाळा होती.

बोलपट आल्यानंतर, १९३० च्या दशकात, पश्चिम महाराष्ट्रातील अनेक संगीत नाटक मंडळ्या बंद पडल्या. झाडीपट्टीत तसे घडले नाही. येथील नट वर्षभर नाटकावर पोट भरत नव्हता, तो मुळात शेतकरी होता. २०२३ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेले परशुराम खुणे हे धानोऱ्याच्या उत्तरेस असलेल्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे शेतकरी. सुमारे आठशे नाटकांत त्यांनी पाच हजारांवर प्रयोग केले.

स्थित्यंतर :

कालांतराने देसाईगंज (वडसा) हे व्यावसायिक नाट्य कंपन्यांचे केंद्र बनले. कंपनी नाटक घेऊन येते आणि गावचे मंडळ ते ठरवून आयोजित करते, अशी विभागणी झाली. स्त्रीभूमिकांसाठी नागपूर आदी शहरांतून अभिनेत्री येऊ लागल्या. या व्यवस्थेने असंख्य कलावंतांना व वादकांना रोजगार दिला, हे मान्य केले पाहिजे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शंकरपट बंद झाले, तरी नाटके थांबली नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये पटांना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत रंगभूमीने स्वतःच्या बळावर प्रेक्षक टिकविला. मात्र २०२०-२१ च्या करोनाकाळात प्रयोग ठप्प होताच केवळ हंगामावर अवलंबून असलेल्या कलावंतांची असुरक्षितता उघड झाली.

या स्थित्यंतराची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. गावचे मंडळ नाटक 'करणारे' होते, ते नाटक 'आणणारे' झाले. मंडप, वर्गणी व गर्दी कायम राहिली, परंतु तालीम गावाबाहेर गेली. तालमीबरोबर पेटीमास्तरही गेला आणि गावातील मुलाला सूर-ताल शिकण्याची जी सहज संधी होती ती आकुंचित झाली. रंगभूमीची आर्थिक भरभराट आणि संगीतशिक्षणाची लोकव्यवस्था या दोहोंची वाटचाल एकाच दिशेने होईलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप :

गोटुल, भजन मंडळ आणि नाट्य मंडळ या तिन्ही संस्था स्वरूपाने भिन्न असल्या तरी त्यांचे एक सूत्र समान आहे. शिकविणारा, शिकणारा आणि आश्रयदाता हे तिघेही त्याच गावचे होते. झाडीपट्टीच्या रंगभूमीचे मूल्यमापन केवळ प्रयोगसंख्या व उलाढाल यांवरून करणे त्यामुळे अपुरे ठरते. या भागातील महाविद्यालयांनी जुन्या पेटीमास्तरांच्या चाली, पदे आणि तालमीच्या पद्धती यांची नोंद घेणे निकडीचे आहे, कारण हे ज्ञान प्रामुख्याने माणसांच्या स्मरणात आहे. नोंदीबरोबरच गावच्या मंडळाने वर्षातून एक तरी नाटक स्वतः बसविले, तर हरवत चाललेली शाळा पुन्हा भरू शकेल. मेंढ्याच्या गोटुलाने त्याचा पाठ धानोरा परिसरातच घालून दिला आहे.