पावसामुळे सहल हुकली, तर हॉटेलचे पैसे परत मिळतात का?

तोरणमाळचं खरं रूप पावसाळ्यात दिसतं. सीताखाईचा धबधबा कोसळत असतो, यशवंत तलाव भरत असतो आणि धुकं रस्त्यावर उतरलेलं असतं. पण नेमक्या याच दिवसांत सातपायरी घाटात दरड कोसळण्याची भीतीही सगळ्यात जास्त असते. ज्या पावसासाठी खोली बुक केली, तोच पाऊस खोलीपर्यंत पोहोचू देत नाही.

अशा वेळी वाद ठरलेला असतो. हॉटेलवाले म्हणतात, "खोली तयार होती, तुम्हीच आला नाहीत." तुम्ही म्हणता, "रस्ताच बंद होता, येणार कसे?" दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. मग भरलेले पैसे कुणाचे?

थोडक्यात उत्तर असं: हवामान खराब होतं, एवढ्या एका कारणावर पैसे परत मिळतीलच असं नाही. तीन गोष्टी पाहिल्या जातात. हॉटेल सेवा देऊ शकत होतं का? सरकारी बंदी किंवा रस्ता बंद असल्याची सूचना होती का? आणि बुकिंग करताना तुम्ही कोणत्या अटी मान्य केल्या होत्या?

नंदुरबारकरांना हे का माहीत हवं?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा मोठा भाग सातपुड्यात आहे. तोरणमाळला शहाद्याकडून जायचं तर घाट चढावा लागतो. तळोदा ते धडगाव रस्त्यावर चांदसैली घाट आहे. तिथेही पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक थांबते. गुजरातमधल्या सापुताऱ्याला जायचं तरी घाट आहेच.

रेल्वेचा मुख्य आधार म्हणजे सुरत-भुसावळ मार्ग. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात अतिवृष्टी होऊन रंगावली आणि सरपणी नद्यांना पूर आला होता. अशा पुरात रस्ता आणि रेल्वे दोन्ही अडतात, मग पर्यायी वाट फारशी उरत नाही.

आणि हा प्रश्न फक्त पावसाळ्याचा नाही. डिसेंबरच्या सुमाराला दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार भरतो. तापीकाठी तंबूत राहण्यासाठी बुकिंग केलं आणि अवकाळी पाऊस आला, तर तोच वाद उभा राहतो.

तुमचं प्रकरण यापैकी कोणतं?

१. हॉटेलच सेवा देऊ शकत नाही. हॉटेलमध्ये पाणी शिरलं, छप्पर उडालं, किंवा हॉटेलनं स्वतःच बुकिंग रद्द केलं. इथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम. जी सेवा मिळालीच नाही, तिचे पैसे हॉटेलला ठेवता येत नाहीत. बुकिंगवर "नॉन-रिफंडेबल" लिहिलेलं असलं तरी सहसा ती अट ग्राहकानं बुकिंग रद्द केलं तर लागू होते, हॉटेलनं रद्द केल्यावर नाही.

२. प्रशासनानं बंदी घातली. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार धोक्याच्या भागातली वाहतूक आणि प्रवेश रोखण्याचे अधिकार या प्राधिकरणाला आहेत. असा आदेश असेल तर तुमची बाजू चांगली मजबूत होते, पण आदेशातले शब्द नीट वाचा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनानं पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. धबधब्यात उतरायला बंदी असणं आणि गावात जायचा रस्ताच बंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात हॉटेल म्हणू शकतं, "आमच्याकडे यायला तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं."

३. हॉटेल सुरू आहे, पण तुमची वाट बंद आहे. वाटेत दरड कोसळली, गाडी रद्द झाली, पूल पाण्याखाली गेला. सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. हॉटेलची चूक नसते आणि तुमचीही नसते. इथे बुकिंगच्या अटी, तुम्ही किती लवकर कळवलं आणि हॉटेलनं ती खोली पुन्हा विकली का, या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पूर्ण परतावा मिळाला नाही, तरी तारीख बदलून मिळण्याची शक्यता चांगली असते.

४. फक्त इशारा आहे. हवामान विभागाचा ऑरेंज अलर्ट म्हणजे सज्ज राहा, रेड अलर्ट म्हणजे कृती करा. २४ तासांत ११५.६ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे अतिमुसळधार, तर २०४.५ मिलिमीटरपासून पुढे अत्यंत मुसळधार. अलर्ट हा इशारा आहे, बंदीचा आदेश नाही. त्याच्या आधारे विनंती जरूर करा. पण हॉटेलनं नकार दिला, तर कायद्याचा आधार कमी मिळतो.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५६ म्हणतं की करार झाल्यानंतर ते काम करणं अशक्य किंवा बेकायदेशीर झालं, तर करार रद्दबातल होतो. कलम ६५ नुसार अशा करारातून ज्याला फायदा मिळाला असेल, त्यानं तो परत करायचा किंवा त्याची भरपाई द्यायची असते. आगाऊ भरलेलं भाडं हा असाच फायदा.

मात्र "अशक्य" या शब्दाला न्यायालयं सैल अर्थ लावत नाहीत. १९५४ च्या सत्यब्रत घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कराराचा पायाच कोसळला असेल, तर हे कलम लागू होऊ शकतं. पण काम अवघड किंवा महाग झालं, एवढं पुरेसं नसतं. शिवाय नैसर्गिक आपत्तीत काय करायचं हे करारातच लिहिलेलं असेल, तर आधी तीच अट पाहिली जाते. म्हणून "फोर्स मेज्योर" किंवा "नैसर्गिक आपत्ती" हे शब्द बुकिंगच्या अटींमध्ये आधी शोधा.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. सदोष सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणं, ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पहिल्या प्रकारात हा मुद्दा थेट कामाला येतो.

पहिल्या काही तासांत काय करायचं?

परताव्याची बरीचशी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

- चेक-इनच्या वेळेआधी कळवा. काहीही न कळवता गेला नाहीत, तर तुमची नोंद "नो-शो" अशी होते आणि हॉटेलला पूर्ण भाडं ठेवायला निमित्त मिळतं.
- फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. तेच ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.
- घाईत ॲपवरचं "कॅन्सल" बटण दाबू नका. ते दाबलं की बुकिंग तुम्ही रद्द केलं अशी नोंद होते. आधी हॉटेलशी बोला आणि त्यांनी दंड माफ करायचं कबूल केलं, तर ते लेखी घ्या. पण मोफत रद्द करण्याची मुदत अजून बाकी असेल, तर ती संपायच्या आत सरळ रद्द करा.
- पुरावे जमवा: जिल्हा प्रशासनाची सूचना, हवामान विभागाचा इशारा, रेल्वेचा मेसेज, रस्ता बंद असल्याच्या बातम्या. प्रत्येकावर तारीख दिसली पाहिजे. एखाद्या ग्रुपवर फिरणारा जुना व्हिडिओ जोडलात, तर तुमचीच बाजू कच्ची होईल.

मेसेज असा लिहिता येईल:

"बुकिंग क्रमांक ____, चेक-इन तारीख ____. आज ____ घाटात दरड कोसळल्यामुळे रस्ता वाहतुकीसाठी बंद आहे. प्रशासनाची सूचना सोबत जोडली आहे. त्यामुळे आम्ही पोहोचू शकत नाही. कृपया भरलेली रक्कम रु. ____ परत करावी. ते शक्य नसल्यास याच रकमेत पुढच्या सहा महिन्यांतली तारीख द्यावी. आमची खोली दुसऱ्या कुणाला दिल्यास तसं कळवावं. कृपया लेखी उत्तर द्यावं."

तारीख बदलून मिळाली तर तीन गोष्टी लेखी घ्या: किती दिवसांची मुदत, शनिवार-रविवारी चालेल का, आणि भाड्यातला फरक कोण भरणार.

गाडी रद्द झाली असेल तर

रेल्वेनं गाडी रद्द केली, तर तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात. ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात, खिडकीवर काढलेलं तिकीट मात्र रद्द करून घ्यावं लागतं. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तरी पूर्ण परतावा मागता येतो. त्यासाठी ई-तिकीट असेल तर गाडी तुमच्या स्थानकावरून सुटण्याआधी टीडीआर भरावा लागतो. गाडी रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा. हॉटेलला दाखवायला तो चांगला पुरावा आहे.

बुकिंग ॲपवरून केलं असेल तर

हॉटेल म्हणतं ॲपला विचारा, ॲप म्हणतं हॉटेलला विचारा. या चक्रात अडकू नका. दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहा. पैसे कुणाच्या खात्यात गेले ते पावतीवर पाहा. परतावा आधी त्यांच्याकडे मागायचा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात तिचा निपटारा करायचा असतो. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर असणं बंधनकारक आहे. कस्टमर केअरच्या चॅटऐवजी तक्रार तिथे करा.

क्रेडिट किंवा डेबिट कार्डानं पैसे भरले असतील आणि सेवा मिळालीच नसेल, तर बँकेकडे "चार्जबॅक" मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून वाट पाहत बसू नका.

तरीही पैसे मिळाले नाहीत तर?

पहिली पायरी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. इथे मराठीतूनही बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न करते.

दुसरी पायरी: जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. हॉटेल सापुताऱ्यात असो की मनालीत, तुम्ही नंदुरबार जिल्ह्यात राहत असाल तर तक्रार नंदुरबारच्या आयोगात करता येते. २०१९ च्या कायद्यानं दिलेली ही मोठी सोय आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावणं सक्तीचं नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही दाखल करता येते. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी.

एक बारकावा लक्षात ठेवा. सेवेत त्रुटी होती किंवा पैसे अडवून ठेवले, ही तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. बुकिंगची अटच अन्यायकारक आहे, असं म्हणायचं असेल तर ते प्रकरण राज्य आयोगाच्या अखत्यारीत येतं.

परताव्याच्या नावाखाली फसवणूक

सहल रद्द झाल्यावर लोक इंटरनेटवर हॉटेलचा नंबर शोधतात किंवा फेसबुकवर रागानं पोस्ट टाकतात. ठग याचीच वाट पाहत असतात. पोस्टखाली "रिफंडसाठी या नंबरवर फोन करा" अशी कमेंट आली, तर फोन करू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ओटीपी सांगू नका, कुणी पाठवलेलं ॲप डाउनलोड करू नका आणि पोस्टमध्ये बुकिंग क्रमांक दाखवू नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

पुढच्या वेळी बुकिंग करताना

- जून ते सप्टेंबरमध्ये घाटातलं ठिकाण असेल, तर मोफत रद्द करता येणारी खोली घ्या. थोडी महाग पडली तरी चालेल.
- शक्य असेल तिथे पूर्ण भाडं न भरता थोडाच ॲडव्हान्स द्या.
- फोनवर बुकिंग करत असाल तर आधीच विचारा: "घाट बंद झाला तर पैशांचं काय?" उत्तर व्हॉट्सॲपवर मागून घ्या.
- प्रवास विमा घेताना खराब हवामानामुळे सहल रद्द झाल्यास भरपाई आहे का, ते पाहा. वादळाची किंवा पुराची बातमी आल्यावर घेतलेल्या विम्यातून त्याच आपत्तीची भरपाई सहसा मिळत नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "पैसे भरलेत, वाया जातील" म्हणून अनेक जण इशारा असतानाही गाडी घाटात घालतात. दोन-तीन हजारांचं भाडं भांडून मिळवता येतं, नाहीच मिळालं तर सोडूनही देता येतं. कोसळणाऱ्या दरडीशी मात्र भांडता येत नाही. रस्ता बंद असेल तर घरीच थांबा आणि आधी तो मेसेज पाठवा.