भिलाईचा प्रवास : विमानतळावरील प्रतीक्षा आणि मोटारीविना पुढचा टप्पा

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर देशाला रेल्वेचे रूळ पुरविणारे शहर म्हणून ओळखले जाते. तत्कालीन सोव्हिएत संघाबरोबर १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभारण्यात आला आणि त्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. एवढ्या मोठ्या औद्योगिक नगरीला नियमित प्रवासी विमानसेवा मात्र नाही. कारखान्याची नंदिनी येथे स्वतःची धावपट्टी आहे, पण तेथे तिकीट काढून उतरता येत नाही. १४ जून २०१८ रोजी पंतप्रधानांनी जगदलपूर-रायपूर विमानसेवेचा शुभारंभ भिलाई येथील कार्यक्रमातून केला होता. त्या दिवशीही भिलाईकरांना स्वतःचे विमान पकडण्यासाठी रायपूरच गाठावे लागत होते, आणि आजही तेच करावे लागते.

मुंबई-पुण्याहून भिलाईला जाणाऱ्यांमध्ये पर्यटक थोडे असतात. कारखान्यातून निवृत्त झालेल्या आईवडिलांना भेटायला येणारी मुले, सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचे नातेवाईक, २०१६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थी व त्यांचे पालक, तसेच कंत्राटी कामावर येणारे तंत्रज्ञ यांचाच त्यांत भरणा अधिक. यांपैकी अनेकांना वाहन चालविता येत नाही किंवा परक्या शहरात ते भाड्याने घेणे परवडत नाही. त्यामुळे विमान वेळेवर सुटले तरी आणि रखडले तरी, शेवटचे सुमारे ४५ किलोमीटर कसे काटायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतोच.

रायपूरचा विमानतळ माना येथे, शहराच्या आग्नेयेस सुमारे १५ किलोमीटर अंतरावर आहे. २०१२ च्या जानेवारीत त्याला स्वामी विवेकानंद यांचे नाव देण्यात आले आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. भिलाई रायपूरच्या पश्चिमेला आहे. म्हणजे विमानातून उतरलेल्या प्रवाशाला संपूर्ण रायपूर शहर ओलांडून पलीकडे जावे लागते. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटते; संध्याकाळच्या गर्दीत तसे वाटत नाही.

विमान रखडल्यास

हिवाळ्यात उत्तर भारतातील धुक्याचा फटका रायपूरलाही बसतो. येथील आकाश निरभ्र असले तरी दिल्लीहून निघणारे विमानच वेळेवर निघत नाही, आणि तेच विमान दिवसभरात चार शहरांच्या फेऱ्या करणार असल्याने उशीर पुढे पुढे सरकत जातो. डिसेंबर २०२५ मध्ये कारण वेगळे होते. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीच्या नव्या नियमांनंतर देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे काही दिवसांतच रद्द झाली आणि सरकारला ६ डिसेंबर रोजी भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. त्या दिवसांत अनेक प्रवाशांनी टर्मिनलच्या फरशीवर रात्र काढली. नियमानुसार आपल्याला काय मिळावयास हवे, याची त्यांच्यापैकी बहुतेकांना कल्पना नसावी.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे याविषयीचे नियम २०१० पासून लागू असून भरपाईच्या रकमा २०१६ मध्ये वाढविण्यात आल्या. वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाचे विमान, उड्डाणाचा कालावधी अडीच तासांपर्यंत असताना, दोन तास वा त्याहून अधिक रखडले, तर त्याला प्रतीक्षाकाळात अल्पोपाहार व जेवण देणे कंपनीवर बंधनकारक आहे. मुंबई-रायपूर किंवा पुणे-रायपूर हा प्रवास याच गटात मोडतो. देशांतर्गत उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांतील निवड प्रवाशाने करावयाची असते. विलंब चोवीस तासांच्या वर जात असेल, अथवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारे विमान सहा तासांपेक्षा अधिक रखडणार असेल, तर हॉटेलमधील मुक्काम आणि तेथपर्यंतची ने-आणही कंपनीनेच करावयाची आहे. पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द झाल्यास एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून देय ठरते.

यात एक मोठी पळवाट आहे. कारण कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे असेल, उदाहरणार्थ दाट धुके, नैसर्गिक आपत्ती किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचे निर्बंध, तर भरपाईची अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणूनच विलंबाचे कारण काउंटरवर विचारून ते लेखी किंवा मोबाईल संदेशाच्या स्वरूपात मागून घ्यावे. नंतर तक्रार करताना हाच कागद उपयोगी पडतो. तक्रार प्रथम कंपनीकडे आणि तेथे दाद न मिळाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेवर नोंदविता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

विमानतळावरच थांबायचे असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. एकदा टर्मिनलबाहेर पडल्यावर पुन्हा आत येण्यासाठी तिकीट, ओळखपत्र आणि सुरक्षा तपासणी हे सारे नव्याने करावे लागते. बहुतेक कंपन्यांचे देशांतर्गत चेक-इन सुटण्याच्या तासभर आधी बंद होते आणि त्यानंतर विनवणीचा उपयोग होत नाही. ‘डिजियात्रा’ची सोय रायपूरला सप्टेंबर २०२४ पासून आहे, ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांचा प्रवेशद्वारावरील वेळ वाचतो. घरून डबा नेण्यास मनाई नाही. दशम्या-चटणी घेऊन निघणाऱ्या जुन्या पिढीला यात नवल वाटणार नाही, पण विमानतळावरील खाद्यपदार्थांचे दर पाहता तरुणांनीही ही सवय उचलावी. हे दर सामान्यांना परवडत नाहीत, ही गोष्ट सरकारनेही मान्य केली असून डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारे ‘उडान यात्री कॅफे’ सुरू करण्यात आले व पुढे ते इतर काही विमानतळांवरही पोहोचले.

प्रतीक्षा चार-पाच तासांची असेल तर भिलाईचा विचार सोडून द्यावा. विमानतळ ते रायपूर स्थानक, तेथे गाडीची वाट आणि पुढे तासाभराचा रेल्वेप्रवास, असे मिळून एकेरी प्रवासालाच दोन-अडीच तास जातात. त्यापेक्षा विमानतळाला लागून असलेले नवा रायपूर जवळ पडते. तेथील पुरखौती मुक्तांगण या खुल्या संग्रहालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये केले होते. बस्तरच्या लोककलेची ओळख करून घेण्यास दीड-दोन तास पुरतात. १ नोव्हेंबर २०२५ रोजी, छत्तीसगड राज्याच्या स्थापनेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालयही येथे खुले झाले. सोमवारी अशी ठिकाणे बहुधा बंद असतात. नवा रायपूरचे रस्ते प्रशस्त आहेत, परंतु वर्दळ विरळ असल्याने परतीसाठी रिक्षा हमखास मिळेलच असे नाही. जाताना केलेले वाहन थांबवून ठेवणे श्रेयस्कर.

रायपूर ते भिलाई

महाराष्ट्रातील एसटीची सवय असलेल्या प्रवाशाचा येथे पहिला गोंधळ होतो. छत्तीसगडमध्ये राज्य परिवहन महामंडळाची बससेवा नाही. आंतरशहर बस खासगी मालकांच्या असून त्या परवान्यावर चालतात. रायपूर-दुर्ग मार्गावर त्या भरपूर आहेत आणि जी. ई. रोड या नावाने परिचित असलेल्या महामार्गावरून जातात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या ई-बस योजनेत दुर्ग-भिलाईचाही समावेश करण्यात आला आहे. तरीही दैनंदिन प्रवासाचा भार मुख्यतः शेअर रिक्षांवरच आहे.

सर्वांत भरवशाचा मार्ग अर्थातच रेल्वेचा. रायपूर ते दुर्ग हे अंतर लोहमार्गाने ३७ किलोमीटर आहे आणि हावडा-मुंबई मुख्य मार्गावर असल्याने गाड्यांची वानवा नाही. मेमू लोकल सर्व लहान स्थानकांवर थांबतात. अडचण आहे ती स्थानकांच्या नावांची. रायपूरकडून येताना कुम्हारीनंतर देवबलोदा चरोदा, मग भिलाई, नंतर भिलाई पॉवर हाउस, पुढे भिलाई नगर आणि शेवटी दुर्ग, असा क्रम आहे. ‘भिलाई’ एवढेच नाव असलेले स्थानक चरोदा भागात, मालगाड्यांच्या विस्तीर्ण यार्डाजवळ आहे. पाहुण्यांची घरे ज्या सेक्टरांमध्ये असतात तेथून ते दूर पडते. तिकीट काढताना नुसते भिलाई म्हणून चालत नाही. कारखान्याच्या वसाहतीत जाणाऱ्यांनी पॉवर हाउस किंवा भिलाई नगर येथे उतरावे, कोणत्या सेक्टरात जायचे आहे ते यजमानांना आधी विचारून घ्यावे. लांब पल्ल्याच्या बहुसंख्य गाड्या दुर्गलाच थांबतात. तंत्रज्ञान संस्थेचे कायम संकुलही दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे असून ते पंतप्रधानांच्या हस्ते २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. ही संस्था पूर्वी रायपूरजवळच्या तात्पुरत्या जागेत होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबणारा पालक आजही चुकीच्या गावी पोहोचू शकतो.

रात्री उशिरा लोकल मिळत नाहीत. विमान रात्री दहानंतर उतरणार असेल आणि सोबत वृद्ध किंवा लहान मुले असतील, तर विमानतळावरूनच टॅक्सी करणे आणि तिचा खर्च तिकिटाच्या हिशेबात आधीच धरणे योग्य. एकट्या प्रवाशाला रायपूर किंवा दुर्ग स्थानकावर सकाळची वाट पाहता येते. मोठ्या स्थानकांवरील विश्रामकक्षांचे आरक्षण निश्चित तिकिटाच्या आधारे ऑनलाइन करता येते आणि सामान कुलूपबंद असल्यास ते क्लोकरूममध्ये ठेवता येते. रेल्वेच्या चौकशीसाठी १३९ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

नागपूरमार्गे

अनुभवी प्रवासी आणखी एक मार्ग सुचवितात. हा मार्ग मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना दूरचा वाटतो, पण रायपूरचे भाडे गगनाला भिडते किंवा विमानेच रद्द होतात तेव्हा तोच तारतो. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाजवळ २०१९ पासून मेट्रो आहे. स्थानक टर्मिनलला चिकटून नाही, तेवढ्यापुरती रिक्षा करावी लागते. पुढे सीताबर्डी येथे मार्गिका बदलली की दुसरेच स्थानक नागपूर रेल्वे स्थानकाचे. म्हणजे विमानापासून रेल्वेपर्यंतच्या प्रवासात रिक्षा करावी लागते ती पहिल्या टप्प्यापुरतीच. नागपूर ते दुर्ग सुमारे २६५ किलोमीटर असून ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली नागपूर-बिलासपूर वंदे भारत हे अंतर तीन ते साडेतीन तासांत तोडते. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, हे पाहून आरक्षण करावे.

विमान पूर्णपणे टाळायचे असल्यास मुंबईहून गीतांजली एक्सप्रेस आणि पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस दुर्गला जातात. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेली गीतांजली ही वर्गविरहित गाडी म्हणून गाजली होती. आज तिला वातानुकूलित डबेही आहेत. मुंबई ते दुर्ग सुमारे ११०० किलोमीटरच्या प्रवासाला साधारण सतरा-अठरा तास लागतात. विमानाचे तिकीट, दोन्हीकडच्या टॅक्सी आणि रखडण्याची शक्यता यांची बेरीज केली तर हा वेळ वाटतो तितका वाईट नाही.

या मार्गाचे मराठी माणसाशी जुने नाते आहे. छत्तीसगड अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि १९५६ पर्यंत, नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा तो भाग होता. दुर्गच्या अलीकडे राजनांदगाव लागते. मातृभाषा मराठी असलेले थोर हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध येथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून अध्यापन करीत होते व त्यांचे स्मारकही तेथे आहे. दिवस मोकळा असेल तर येथे उतरून पुढची गाडी घेता येते.

भिलाईत पोहोचल्यावर मोटारीची उणीव फारशी भासत नाही. वसाहत आखून वसविलेली आहे, सेक्टरांना क्रमांक आहेत आणि रस्त्यांवर सावली आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये उभारलेले मैत्री बाग हे उद्यान व प्राणिसंग्रहालय पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे; तेथे रिक्षाने जाता येते. कलचुरी काळातील देवबलोदा शिवमंदिर पाहायचे असेल तर लोकलने देवबलोदा चरोदा स्थानकावर उतरावे. कारखाना पाहण्यासाठी मात्र पूर्वपरवानगी लागते आणि ती प्रवेशद्वारावर उभ्या उभ्या मिळत नाही.

परतीच्या प्रवासात सकाळच्या पहिल्या विमानाचे तिकीट स्वस्त दिसते. परंतु त्या वेळेला भिलाईहून लोकलने निघून विमानतळ गाठणे शक्य नसते. असे तिकीट काढल्यास आदल्या रात्रीच रायपूरला मुक्कामास यावे, अन्यथा वाचलेले पैसे पहाटेच्या टॅक्सीवर खर्च होतात.